ताडपत्रावरून पडद्यावर : तमिळ पोथ्यांचे जतन

तमिळ साहित्य शतकानुशतके ताडपत्रांवर जगले. लोखंडी लेखणीने पानावर अक्षरे कोरायची, त्यांत काजळी भरायची आणि पानांना भोक पाडून ती दोऱ्यात ओवायची, अशी ही पद्धत. दमट हवा आणि कीड यांमुळे पोथ्या जीर्ण होत, म्हणून त्या पुन्हा पुन्हा नव्या पानांवर उतरवाव्या लागत. नक्कल करणारा मिळाला नाही, की ग्रंथच नाहीसा होई.

तमिळ विद्वान उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी गावोगाव फिरून पोथ्या गोळा केल्या आणि ‘शिलप्पदिकारम्’ (१८९२), ‘पुरनानूरु’ (१८९४) यांसारखे ग्रंथ छापून वाचवले.

आज हे काम कॅमेरा करतो. पान मऊ ब्रशने साफ करून त्याला गवती चहाचे तेल लावतात. मग दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन प्रत्येकासोबत ग्रंथनाम, विषय आणि पानक्रमांक नोंदवतात. ही नोंद नसेल, तर लाखो प्रतिमांच्या ढिगात हवी ती पोथी सापडत नाही.

१९८१ मध्ये श्रीलंकेतील जाफना ग्रंथालय जाळले गेले आणि सुमारे ९७,००० पुस्तके व हस्तलिखिते राख झाली. एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवण्याचा धोका यातून कळतो. याउलट, १९९८ पासून ‘प्रोजेक्ट मदुराई’चे स्वयंसेवक प्राचीन तमिळ ग्रंथ टंकून इंटरनेटवर सर्वांना मोफत देत आहेत.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ आणि संस्कृतबरोबर मराठी हस्तलिखितेही आहेत. म्हणून हा वारसा मराठी वाचकांचाही आहे. घरात जुनी पोथी असेल, तर ती विसर्जित करू नका, जाणकारांना दाखवा.