विश्लेषण : मसाला चाळणारा ‘गार्बल’ हा शब्द ‘विपर्यास’ कसा झाला?

‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला,’ हे वाक्य कानावर आल्याशिवाय निवडणुकीचा हंगाम सरत नाही. अशा मोडतोडीसाठी इंग्रजीत ‘गार्बल’ हा शब्द आहे. मात्र त्याचा मूळ अर्थ जवळपास उलटा होता : माल निवडून स्वच्छ करणे!

आजचा अर्थ काय?

या शब्दाला दोन छटा आहेत. रेंज नसताना फोनवरचा आवाज तुटतो किंवा फॉन्ट नसल्याने मजकुराच्या जागी चौकटी दिसतात, तेव्हा संदेश ‘गार्बल्ड’ झाला म्हणतात. यात कोणाचा हेतू नसतो. दुसरी छटा हेतुपुरस्सर मोडतोडीची. एखाद्याच्या बोलण्यातला सोयीचा भाग उचलून अर्थ बदलणे, हेही ‘गार्बल’च.

शब्द आला कुठून?

अरबीत ‘घिर्बाल’ म्हणजे चाळणी आणि ‘घर्बला’ म्हणजे चाळणे. भूमध्य समुद्रातील व्यापारातून तो इटालियन भाषेत ‘गार्बेल्लारे’ झाला आणि १५व्या शतकापर्यंत इंग्रजीत पोहोचला. अरबी शब्दाचे मूळही लॅटिनमधील ‘क्रिबेल्लुम’, म्हणजे लहान चाळणी, यात असावे असे मानले जाते.

‘गार्बलर’चे काम काय होते?

मलबारची मिरी, सुंठ, लवंग हा युरोपात महागडा माल होता. त्यात माती, खडे, काड्या मिसळून वजन वाढवणे फायद्याचे ठरे. म्हणून लंडन शहरात मसाल्यांचा ‘गार्बलर’ हा अधिकारी असे. कोणत्याही दुकानात वा गोदामात शिरून मसाले आणि औषधी द्रव्ये तपासण्याचा, ती चाळून साफ करण्याचा त्याला अधिकार होता.

मग अर्थ उलटला कसा?

चाळणे म्हणजे काही ठेवणे, काही टाकणे. मराठीतही ‘निवडणे’ म्हणजे तांदळातले खडे काढणे आणि हवे तेवढेच उचलणेही. हीच चाळणी मजकुराला लागली. अडचणीचे शब्द गाळून सोयीचे ठेवले जाऊ लागले. १७व्या शतकाच्या अखेरीस ‘गार्बल’ला विपर्यासाचा अर्थ चिकटला. पुढे हेतू नसलेल्या गोंधळालाही तोच शब्द वापरला जाऊ लागला.

‘ध’ चा ‘मा’ आणि ‘गार्बल’

मराठीत विपर्यास म्हटला की ‘ध’ चा ‘मा’ आठवतो. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याआधी पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले गेले, असे सांगितले जाते. तिथे अक्षर बदलले. हेतुपुरस्सर ‘गार्बल’ करणाऱ्याला अक्षरही बदलावे लागत नाही. ‘विहिरींना पाणी राहिले, तर टँकर लागणार नाहीत’ या वाक्यातले शेवटचे तीन शब्द तेवढे कापून पसरवले, की अट गायब होते आणि आश्वासन तयार होते. प्रत्येक शब्द खरा, अर्थ खोटा.

वाचकाने काय पाहावे?

क्लिप बनावट नाही, एवढी खात्री म्हणूनच पुरत नाही. बोलणाऱ्याचे आधीचे आणि नंतरचे वाक्य काय होते, मूळ भाषण किती मिनिटांचे होते, हे पाहायला हवे. चाळणीत काय उरले हे समोर दिसतेच. पुढे पाठवण्याआधी खाली काय गळले, ते शोधायचे.