पॉलिसी वाचावी बिलाच्या बाजूने

रुग्णालयाच्या अ‍ॅडमिशन काउंटरवर पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो : "रूम कुठली घेणार? जनरल, ट्विन शेअरिंग की सिंगल?" विचारणारा सवयीने विचारतो, उत्तर देणारा धास्तावलेला असतो. पेशंट स्ट्रेचरवर, आधार कार्ड हातात, विम्याचे कार्ड मोबाइलमध्ये कुठेतरी. अशा वेळी मायेपोटी तोंडून निघून जाते, "सिंगलच द्या, आईला जरा शांत झोप लागेल." पुढच्या चार दिवसांचा हिशेब बऱ्याच अंशी त्या एका शब्दाने ठरतो, आणि तो शब्द उच्चारणाऱ्याला त्याची कल्पना नसते. घरोघरी विम्याची चर्चा होते ती हप्ता किती आणि विमा रक्कम किती या दोनच आकड्यांची. घरातून प्रत्यक्ष जाणारा पैसा मात्र या दोन आकड्यांच्या मधल्या अटींमधून जातो. त्या अटींचा अर्थ पॉलिसीचा कागद वाचून नीट उलगडत नाही. तो रुग्णालयाच्या बिलात उलगडतो. म्हणून पॉलिसी वाचायची तर बिलाच्या बाजूने वाचावी, असे मला ठामपणे वाटते.

हिशेबच मांडून पाहू. पाच लाखांची पॉलिसी आहे आणि तिच्यात खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, अशी मर्यादा आहे. घेतलेली खोली ८,००० रुपयांची. चार दिवसांचे भाडे झाले ३२,०००. शस्त्रक्रिया, भूल, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून १,२८,०००. औषधे आणि तपासण्या ९०,०००. हातमोजे, मास्क, डायपर वगैरे किरकोळ सामान १२,०००. एकूण बिल २,६२,००० रुपये. घरचे धरून चालतात की खोलीतला रोजचा ३,००० रुपयांचा फरक, म्हणजे १२,००० आपल्याला भरावे लागतील. पण ५,००० हे ८,००० च्या साडेबासष्ट टक्के होतात, आणि त्याच प्रमाणात शस्त्रक्रियेचे व डॉक्टरांचे शुल्कही कापले जाते. १,२८,००० पैकी ८०,०००च मंजूर होतात. ४८,००० तिथे गेले, १२,००० खोलीचे, १२,००० किरकोळ सामानाचे. विमा रक्कम निम्मीही वापरली गेलेली नसताना खिशातून ७२,००० जातात. ही प्रमाणशीर कपात. कंपनी इथे फसवत नाही, ती लिहून दिलेली अट लावते. बरीच रुग्णालये एकाच शस्त्रक्रियेला खोलीच्या दर्जानुसार वेगळा दर लावतात, त्यातून ही अट आली. म्हणूनच विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांनी तिला कुंपणही घातले आहे : औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे शुल्क यांवर ही कपात लावता येत नाही, आणि खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयात ती मुळीच लावता येत नाही. मंजुरीपत्रात कपातीचा आकडा दिसला की हे दोन प्रश्न त्याच टेबलावर विचारायला हवेत.

टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने दाव्यांचे काम पाहणारी संस्था, तिच्या रुग्णालयातल्या डेस्कवरचे काम जवळून पाहिले की दुसरी गोष्ट ध्यानात येते. तिथे सारे कागदावर चालते, आणि कागदावर काय लिहिले जाते याकडे घरच्यांचे लक्ष नसते. दाखल करून घेताना निवासी डॉक्टर विचारतो, "बीपी कधीपासून आहे?" बाजूला उभा असलेला भाचा अंदाजाने सांगतो, "असेल आठ-दहा वर्षं." केस पेपरवर "दहा वर्षांपासून" अशी नोंद होते. पॉलिसी सहा महिन्यांपूर्वी घेतलेली असेल आणि अर्जात रक्तदाबाचा उल्लेख नसेल, तर ती नोंद दाव्याच्या आड येते. आधी कंपनीची क्वेरी येते, मग जुनी कागदपत्रे मागितली जातात, आणि कधी नकार. खरे तर २०२४ पासून नियम पॉलिसीधारकाच्या बाजूने थोडे झुकले आहेत. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे, पूर्वी तो ४ होता. सलग ५ वर्षे पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती. पण हे संरक्षण अर्ज खरा भरणाऱ्याला आणि नूतनीकरण न चुकवणाऱ्यालाच पुरते लाभते. एजंट "साखरेचं लिहू नका, हप्ता वाढेल" म्हणतो, तेव्हा वाचणारे दोन-तीन हजार रुपये आणि पुढे अडकणारे दोन-तीन लाख यांची तुलना करावी. सगळे आजार लिहून, वाढीव हप्ता भरून घेतलेली पॉलिसीच स्वस्त पडते.

डिस्चार्जचा दिवस तर सगळ्यांच्या ओळखीचा. मोठे डॉक्टर सकाळी राउंडला येऊन "आज घरी" म्हणतात आणि घरचे पिशव्या भरतात. त्यानंतर उरलेली औषधे फार्मसीला परत जातात, डिस्चार्ज समरी टाइप होते, फाइल बिलिंगला जाते, बिल टीपीएमार्फत कंपनीकडे जाते. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या विनंतीवर तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. त्यापुढे उशीर झाल्याने रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. मात्र हे घड्याळ रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोचल्यावर सुरू होते, डॉक्टरांच्या "आज घरी"पासून नाही. त्या वेळेचा उपयोग ब्रेकअप, म्हणजे बाबवार बिल मागून वाचण्यासाठी करावा. विम्यातून न मिळणाऱ्या ६८ वस्तूंची एक प्रमाणित यादी आहे. हातमोजे, थर्मामीटर, क्रेप बँडेज, ईसीजीचे इलेक्ट्रोड तिच्यात येतात. तिच्या जोडीला आणखी याद्या आहेत, त्यांतल्या वस्तू खोलीभाड्यात किंवा शस्त्रक्रियेच्या शुल्कात धरलेल्याच असतात. कापूस, गॉज, सर्जिकल ब्लेड हे त्यातले. या वस्तू बिलात वेगळ्या लावलेल्या दिसल्या तर ते पैसे मुकाट्याने भरण्याआधी बिलिंगला विचारावे. विचारले की काही वेळा ओळ निघते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढी किचकट वाट कशाला, विमा रक्कमच दुप्पट करावी. खोलीभाड्याची मर्यादा टक्क्यांत असेल तर त्याने फरक पडतो, हे मान्य. पण ठरावीक उपचारांवरच्या उपमर्यादा आणि को-पे रक्कम वाढवून हटतातच असे नाही. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यांपैकी कमी ते मिळते, आणि प्रत्येक दाव्यात ५ टक्के वाटा आपला असतो. खोलीमर्यादा नसलेली बेताची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ठरावीक रकमेपुढचा खर्च उचलणारा सुपर टॉप-अप, ही जोडी एका मोठ्या पॉलिसीपेक्षा बहुधा कमी हप्त्यात बसते. तीच गोष्ट घरातल्या वयस्करांबाबत. सगळ्या कुटुंबाच्या एकत्र फ्लोटर पॉलिसीचा हप्ता सर्वांत मोठ्या वयाच्या सदस्यावरून ठरतो, म्हणून सत्तरीच्या वडिलांना त्यात घातले की तरुण मुलाबाळांचाही विमा महाग होतो. आईवडिलांची पॉलिसी वेगळी असलेली बरी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. तो वाचलेला पैसा अशा ठिकाणी कामी येऊ शकतो. नोकरीच्या ठिकाणचा ग्रुप विमा चांगला असतो, पण नोकरी संपली की तोही सहसा संपतो, आणि माणसाला स्वतःची पॉलिसी हवी असते ती नेमकी त्या वयात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : हप्ता भरण्यापेक्षा तेवढी रक्कम दरमहा बँकेत टाकावी, आजारी पडलो नाही तर पैसे आपलेच. मोठ्या आजारापुरते हे चुकीचे आहे, कारण आजार शिल्लक जमायची वाट पाहत नाही, आणि पॉलिसी पुढे ढकलली की प्रतीक्षाकाळही पुढे सरकतो. पण या आक्षेपात अर्धे सत्य आहे आणि ते उचलून धरायला हवे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांच्या खिशातून गेला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता. घट मोठी आहे, तरी ओझे अजून भारी आहे. त्यातला मोठा भाग दरमहाच्या गोळ्या, तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांचा, आणि या खर्चाला बहुतेक पॉलिसी हातही लावत नाहीत. म्हणजे विम्याच्या शेजारी एक वेगळी शिल्लक हवीच, आणि दरमहाच्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवून जेनेरिक पर्याय विचारायलाही हवा. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांवर जनऔषधी केंद्रात होणारी बचत दर महिन्याची असते.

ज्यांना हप्ताच परवडत नाही त्यांना हे सगळे सांगून काय उपयोग, असे कुणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. आता तिचे संरक्षण कुटुंबामागे ५ लाखांचे आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेपर्यंत तिची कक्षा वाढली आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारतचे कार्ड मिळते. पण इथेही निर्णय अ‍ॅडमिशन काउंटरवरच होतो. रुग्णालय योजनेत आहे का, हवा तो उपचार यादीत आहे का, हे दाखल होण्याआधी योजनेच्या मदतीसाठी रुग्णालयात नेमलेल्या आरोग्यमित्राला विचारले नाही, तर पेशंट साध्या पैसे भरणाऱ्या रुग्णासारखा दाखल होतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, हेही तिथे आपणहून कुणी सांगेल या भरवशावर राहू नये.

हे ओझे कुटुंबावर का, रुग्णालयांचे दर आणि कंपन्यांच्या अटी सरकारने का आवरू नयेत, हा प्रश्न मला सर्वांत न्याय्य वाटतो. आवरायलाच हव्यात. २०२१ च्या नियमांनी महाराष्ट्रातल्या खाजगी रुग्णालयांना दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. ते सगळीकडे दिसत नाही याचा राग यावा असेच आहे. कंपनीने नाकारलेल्या दाव्यासाठी आधी कंपनीकडेच लेखी तक्रार आणि महिनाभरात दाद लागली नाही तर आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क अर्ज, ही वाट खुली आहे आणि ती वापरली पाहिजे. पण तक्रार डिस्चार्जनंतरची. त्याआधी करता येण्यासारखे एक काम आहे : घरातले सगळे धडधाकट असताना जवळच्या दोन रुग्णालयांत जाऊन दरपत्रक मागायचे, कुठली खोली आपल्या पॉलिसीच्या मर्यादेत बसते ते बघायचे, ते रुग्णालय कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का ते टीपीए डेस्कवर विचारायचे, आणि उत्तरे पॉलिसीच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवायची. त्याला एक दुपार पुरते.