पत्र कोणाला लिहायचं?

पुण्यातल्या खराडीत इऑन, वर्ल्ड ट्रेड सेंटर, झेन्सार या काचेच्या इमारतींमधून चालताना मला आठवते ती किर्लोस्करवाडी. उभी हयात मी कंपन्यांच्या गृहपत्रिका आणि अहवाल संपादित करण्यात घालवली. त्यामुळे कुठल्याही कंपनीचं समाजकार्य पाहिलं की पहिला प्रश्न मनात येतो : हे सांगितलंय कोणाला?

मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावणारा कायदा वाचकांना ठाऊक आहेच. कंपनी कायद्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं. आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही तेच कलम सांगतं. समाजकार्याच्या देशोदेशीच्या तऱ्हाही थोडक्यात सांगतो. अमेरिकी कंपनी आपलं दातृत्व मोठ्या आवाजात सांगते. जर्मनीत त्यातलं बरंचसं कायद्यात आणि कामगार करारांतच मुरलेलं असे, त्यामुळे वेगळं सांगायची गरज भासत नसे. मॅटन आणि मून या अभ्यासकांनी 2008 मध्ये हा फरक नीट मांडला. जपानातल्या ओमी प्रांताच्या व्यापाऱ्यांची शिकवण अशी, की सौद्यात विकणारा, घेणारा आणि समाज या तिघांचंही भलं व्हावं.

धंद्यागणिक पडणारा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 1950 मध्ये सुरू झालेल्या प्रवरानगरसारख्या सहकारी साखर कारखान्यात ऊस घालणाराच सभासद. शाळा-कॉलेजवर झालेल्या खर्चाचा जाब तो वार्षिक सभेत उभा राहून विचारू शकतो. धुराडं असलेल्या कारखान्याला धुराबद्दल आणि सांडपाण्याबद्दल बोलावंच लागतं, कारण शेजाऱ्याला ते दिसतं. खराडीच्या संगणक कंपनीला धुराडं नाही आणि गिऱ्हाईक लंडन-न्यूयॉर्कला. मग अहवालही तिकडच्या डोळ्यांसाठीच लिहिला जातो.

आणि आपल्याकडे काय घडून गेलं होतं! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर वाडी वसवली. त्यांच्या कारखान्याच्या लोखंडी नांगरानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलावंच लागणार. 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या त्या खबरपत्राचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक केलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यातच आले. 1930 मध्ये 'स्त्री' आलं, 1934 मध्ये 'मनोहर'. नांगर विकणाऱ्या घराण्यानं मराठी घरांत रूढींवर वाद पेटवले. 'ती शेवटी जाहिरातच होती', असं आमच्या क्षेत्रातले काही जाणकार म्हणतात. होतीच जाहिरात. पण वाचक तिला उलट उत्तर लिहीत, आणि ते उत्तर छापलं जाई. समाजकार्याचे आजचे 'इम्पॅक्ट'वाले लाभार्थी मोजतात. त्यांच्या तक्त्यात त्या लाभार्थ्याच्या पत्राला रकाना नाही.

माझ्या एका गृहपत्रिकेत आम्ही खेड्यातल्या गुरुजींचं पत्र छापलं होतं. कंपनीनं बसवलेल्या हातपंपाचा दांडा दुसऱ्याच महिन्यात मोडला, असं त्यांनी लिहिलं होतं. आठवड्यात दुरुस्ती झाली. पुढे ती मराठी पानं बंद करण्यात आली. इंग्रजी अहवाल संकेतस्थळावर असतो, मग पानं कशाला, असं मला सांगण्यात आलं. मला ते आजही पटलेलं नाही.

यंदा पावसाळ्यात खराडीच्या बाजूला एका शाळेत गेलो होतो. देणगीत मिळालेलं पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बंद पडलेलं. वर कंपनीचं बोधचिन्ह, इंग्रजी ओळी आणि एक क्यूआर कोड. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सर, पत्र कोणाला लिहायचं?" मी तिथेच बसून मराठीत अर्ज लिहून दिला. 'प्रति'च्या पुढची जागा तेवढी कोरी राहिली.