नाव कुठवर सांगावं?

करमाळा तालुक्यातलं केम महाराष्ट्राला कुंकवासाठी ठाऊक आहे. पावसाळा सरला, की अशा गावात घरांच्या भिंती, लिंबाची खोडं, बांधावरच्या बोरी-बाभळी या उड्या मारणारे कोळी शोधायच्या हक्काच्या जागा. वेळ सकाळच्या उन्हाची, कारण बहुतेक दिवसा शिकार करतात आणि रात्री रेशमी पिशवीत दडतात. सापडणं अवघड नाही. अवघड आहे ते ओळख सांगताना योग्य जागी थांबणं.

कूळ ओळखणं सोपं. हा कोळी भक्ष्यासाठी जाळं विणत नाही. डोकं चौकोनी, डोळे आठ, त्यांतले समोरचे मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. बोट जवळ नेलं, तर पळण्याआधी तो वळून बघतो. बाजूचे डोळे हालचाल टिपतात; बारकावे मात्र समोरच्या दोघांनाच दिसतात आणि त्यांचा टापू अरुंद, म्हणून त्याला तोंड फिरवावं लागतं. मुंगीसारखा दिसणारा मिर्मरॅक्नी तेवढा चकवतो. पुढचे पाय मिशांसारखे उचलून तो चालतो. पाय मोजले, की आठ भरतात आणि सोंग उघडं पडतं.

पुढची पायरी मात्र निसरडी आहे. या कुळात जगभर 6000हून अधिक प्रजाती आहेत. भिंतीवरच्या प्लेक्सिपस पायकुलीचा नर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, तर मादी तपकिरी. नवख्याला त्या दोन प्रजाती वाटतात. पिल्लांचे रंग आणखी फसवे. म्हणून शास्त्रज्ञ पूर्ण वाढलेल्या नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोकं आणि मादीच्या पोटाखालचा जननभाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पाठीचा फोटो, कितीही सुरेख असला तरी, हे दाखवत नाही.

यावर कुणी म्हणेल, काही जाती तर फोटोवरून ओळखतात! खरं आहे, पायकुलीचा प्रौढ नर जाणकार चटकन सांगतो. पण त्याच्यासारखे दिसणारे दुसरे कोण, हे त्याला माहीत असतं. त्या माहितीशिवाय नुसतं चित्राशी चित्र जुळवणं म्हणजे अंदाज. दुसरा आक्षेप असा, की अर्धवट नावाचा उपयोग काय? प्रजाती ठाऊक नसली तरी गाव, तारीख, झाड किंवा भिंत, आणि समोरून, वरून, बाजूने काढलेले फोटो अशी नोंद पुढे तपासता येते. चुकीचं पूर्ण नाव मात्र खरी ओळख झाकून टाकतं. ठाणे-कल्याणसारख्या गजबजलेल्या पट्ट्यातून मिळालेल्या एका कोळ्याला 2021 मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं. तो दिसताच कुणी पुस्तकातलं जवळचं नाव देऊन मोकळं झालं असतं, तर नवी प्रजाती जुन्या नावाखाली गाडली गेली असती. केमच्या बांधावरचा कोळीही तसाच अनोळखी असू शकतो. तेव्हा खात्री असेल तिथवरच नाव लिहावं आणि पुढची जागा कोरी सोडावी.