परताव्याचे पैसे : आधी व्याज विझवा



पोळ्याच्या आठवड्यात काटोल तालुक्यातील एका घरी गेलो होतो. थोरला मुलगा नागपूरला नोकरीला. त्याच्या पगारातून जास्त कापला गेलेला आयकर परत आला होता, १२,००० रुपये. म्हातारबा खुशीत होते. "साहेब, फुकटचे पैसे आले. बैलायले नवा साज घेतो, नातवाले तान्ह्या पोळ्याचा मोठा नंदी."

चुलीजवळून घरधनीण म्हणाली, "अन् सावकाराचं काय जी?"

जूनमध्ये पेरणीसाठी दहा हजार उचलले होते, महिना शेकडा तीन रुपये व्याजाने.

पैसा फुकटचा नव्हे

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. पण पगारातून किंवा मुदत ठेवीच्या व्याजातून जास्त कर कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो. हे बक्षीस नाही. आपल्याच घामाचा पैसा घरी येतो.

आता हिशोब पाहा. दहा हजारांवर सावकाराला महिन्याला ३०० म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये जातात. तेच पैसे पोस्टाच्या बचत खात्यात ठेवले तर ४ टक्क्यांनी वर्षाला ४०० मिळतात. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, अशी गत.

मी शाळेत असताना कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. विकलेल्या कापसाचे पैसे हप्त्यांनी मिळत. एका वर्षी राहिलेली रक्कम वडिलांच्या हाती एकदम आली. घरात रेडिओ आला, सर्वांना कपडे झाले. सावकाराचे देणे मात्र तसेच राहिले. पुढच्या मृगाला जोडीतला एक बैल विकावा लागला. शेजाऱ्याचा बैल मोकळा होईपर्यंत आमची पेरणी लांबली. रेडिओ तेवढा वाजत होता.

पैसा कुठे घालावा?

पहिले, सर्वांत महाग व्याजाचे कर्ज फेडावे. फेडल्याची पावती आणि दिलेले कागद परत घ्यावेत. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर सालीना ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी.

दुसरे, पीक कर्ज मुदत चुकू न देता फेडावे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडल्यास बिनव्याजी पडते. मुदत लांब असेल तर परताव्याचा पैसा त्यात घाईने गुंतवू नये.

तिसरे, कापूस वेचणीच्या मजुरीसाठी आणि हरभऱ्याच्या बियाण्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवावी. मजुरीला पैसा नसला की ओला कापूस पडेल भावाने विकावा लागतो. यातून उरेल ते पोस्टात.

पुढच्या वर्षाची तजवीज

करापोटी जास्त पैसा अडकून राहूच नये, हे सर्वांत बरे. परत येताना सरकारकडून त्यावर फार तर महिना अर्धा टक्का व्याज मिळते, तेही अटींवर. सावकाराचे मात्र तीन टक्के! म्हणून नोकरी करणाऱ्या मुलाने आपल्या वजावटीची माहिती वर्षारंभीच कार्यालयात लेखी द्यावी. परताव्याच्या नावाखाली कोणी फोनवर ओटीपी किंवा पिन मागितला, तर सांगू नये. आयकर खाते तो मागत नाही.

त्या घरी शेवटी मुद्दल आणि तीन महिन्यांचे व्याज मिळून १०,९०० रुपये सावकाराला गेले. उरले ११००. त्यातून नातवाला लाकडी नंदी आला, मोठा नाही, पण चाकांचा. बैलांना जुनाच साज धुऊन-पुसून चढवला.

म्हातारबा म्हणाले, "साहेब, यंदा पोळा हलका गेला." घरधनीण हसून म्हणाली, "हलकं तं डोकं झालं जी."