आजीच्या माळेतले व्हेनिस

अमेरिकेत तीस-चाळीस वर्षे काढलेल्या मराठी घरांत एक वस्तू हटकून सापडते. बँकेच्या लॉकरमध्ये, पाटल्या-बांगड्यांच्या डब्याशेजारी, एखाद्या जुन्या रुमालात गुंडाळलेली पुतळ्यांची माळ. कुणाला सासूबाईंनी दिलेली, कुणाच्या आईने विमानात गळ्यात घालून आणलेली, तर कुणाला आजीच्या वाटणीतून मिळालेली. गौरी-गणपतीला किंवा अधिवेशनाच्या पैठणीवर ती वर्षातून एकदा बाहेर येते आणि सोमवारी पुन्हा लॉकरमध्ये जाते. मुलींना ती जड वाटते. सुना तोंडावर काही बोलत नाहीत, पण घालतही नाहीत.

या माळेतल्या चकत्यांवर कोण आहे, हे विचारून पाहा. "लक्ष्मी असेल," "राम-सीता असावेत," अशी उत्तरे मिळतील. पुष्कळ माळांवर खरोखरच लक्ष्मी असते. पण मूळ पुतळीवर जी मंडळी आहेत ती आपल्या देव्हाऱ्यातली नव्हेत. एका बाजूला आहेत युरोपातला एक राज्यकर्ता आणि एक ख्रिस्ती संत, आणि मागे खुद्द येशू ख्रिस्त!

आम्हा दोघांना जुन्या नाण्यांचा नाद आहे. तो खिशाला परवडेल एवढाच ठेवला आहे. न्यूयॉर्कला दर जानेवारीत नाण्यांचे एक मोठे आंतरराष्ट्रीय संमेलन भरते, १९७२ पासून. थंडीत कुडकुडत आम्ही तिथे जातो ते मुख्यतः बघायला. युरोपातल्या राजांची, पोपांची, आर्चबिशपांची सोन्याची स्मृतिपदके तिथे काचेखाली मांडलेली असतात. साल्झबुर्गचा आर्चबिशप हा नुसता धर्मगुरू नव्हता, त्या मुलखाचा राजाही तोच. त्यामुळे तो स्वतःच्या नावाने नाणी पाडी. वोल्फ डीट्रिख या आर्चबिशपाच्या १५९३ सालच्या नाण्यांवर आणि पदकांवर वादळवारा अंगावर घेत ठाम उभा असलेला बुरूज आहे. कोलोरेडो नावाच्या आर्चबिशपाचे सोन्याचे डुकाट दिसतात. हा तोच गृहस्थ, ज्याची नोकरी मोझार्टने १७८१ साली सोडली. आपली मुले पियानोच्या क्लासला ज्या मोझार्टशी झटापट करतात तोच! या मोठ्या पदकांच्या किमती विचारायच्या नसतात. चहा-कॉफी घेऊन पुढे सरकायचे असते.

त्याच टेबलांवर, मोठ्या पदकांच्या पायाशी, एक लहानसे पातळ नाणे ठेवलेले असते. रुंदीला आपल्या इथल्या निकेलएवढे, जाडीला त्याहून पुष्कळ कमी. तीच आपली पुतळी. इंग्रजीत त्याला व्हेनिशियन डुकाट किंवा सीक्विन म्हणतात.

व्हेनिस हे राजा नसलेले राज्य होते. तिथले उमराव आपल्यातूनच एकाला तहहयात प्रमुख निवडत. त्याला डोजे म्हणत. नाण्यावर हा डोजे गुडघे टेकून बसला आहे आणि व्हेनिसचा रक्षणकर्ता सेंट मार्क उभा राहून त्याच्या हातात झेंडा देतो आहे. मागच्या बाजूला लंबगोलात उभा येशू आणि भोवती तारे. कडेने लॅटिन मजकूर आहे. त्याचा भावार्थ असा की, हे ख्रिस्ता, ज्यावर तुझी सत्ता आहे ते हे राज्य तुलाच अर्पण असो. राज्य देवाचे आणि आपण नुसते कारभारी, ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५० साली आपले राज्य असेच पद्मनाभस्वामींच्या चरणी वाहिले होते.

हे नाणे पहिल्यांदा पाडायचे ठरले १२८४ साली. देवगिरीला तेव्हा रामदेवराव यादव राज्य करीत होता आणि ज्ञानेश्वरी पुरी व्हायला अजून सहा वर्षे होती. शेवटचा डोजे लुदोविको मानिन याने नेपोलियनपुढे मान तुकवली ती १७९७ साली. तोवर पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आला होता. म्हणजे यादवांपासून पेशवाईच्या अखेरपर्यंत, पाचशेहून अधिक वर्षे, या नाण्याचे वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध आणि चित्रही तेच! बदलायचे ते फक्त डोजेचे नाव. आपल्याकडच्या राजवटी बदलल्या, होनांचे प्रकार झाले, मोहरांचे कस बदलले, पण सराफाला ही पुतळी डोळे मिटून घेता येत असे. एका तोळ्यात सव्वातीन पुतळ्यांहून किंचित जास्त, असा साधा हिशेब.

ती आपल्याकडे आली मिऱ्यांच्या मागून. मिरी, मसाले, सुती कापड युरोपला हवे होते आणि त्या बदल्यात आपल्याला हवे असे त्यांच्याकडे फारसे काही नव्हते. मग चांदी-सोने द्यावे लागे. व्हेनिसहून अलेक्झांड्रिया, तिथून तांबडा समुद्र, मग जहाजाने आपला पश्चिम किनारा. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जी यादी आहे तिच्यात होनांच्या जोडीला पुतळ्याही आहेत. खाली दक्षिणेत याच नाण्याला 'शाणार कासू' म्हणत. गोव्यात पोर्तुगिजांनी तर सोळाव्या शतकात सेंट थॉमसची मूर्ती असलेली स्वतःची सोन्याची नाणी पाडली. संतांची चित्रे आपल्या बायकांच्या गळ्यात रुळली ती अशी वेगवेगळ्या वाटांनी.

आणि परक्या राजाचे नाणे गळ्यात घालायची ही हौस तरी कुठे नवी होती? मराठवाड्यात तेरला रोमन नाण्यांच्या भाजलेल्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, अडकवायच्या कडीसकट. खरे सोने परवडत नव्हते त्यांनी मातीत हौस भागवली. आजच्या 'वन ग्रॅम गोल्ड'चे पूर्वज म्हणा हवे तर.

शब्दांचा प्रवासही मजेचा आहे. अरबीतला 'सिक्का' म्हणजे नाण्याचा ठसा. तो व्हेनिसला गेला आणि तिथल्या टांकसाळीचे नाव 'झेक्का' झाले. झेक्कातून निघालेले नाणे 'झेक्कीनो', त्याचे फ्रेंच-इंग्रजी 'सीक्विन'. पुढे कपड्यांवर शिवायच्या चमचमत्या टिकल्यांनाही सीक्विन म्हणू लागले. मुलीच्या डान्सच्या ड्रेसवरचे सीक्विन आणि तिच्या पणजीच्या माळेतली पुतळी ही एकाच शब्दाची लेकरे. सिक्का मात्र आपल्याकडे अरबी-फारसीतून थेट आला, व्हेनिसचा वळसा न घेता.

खऱ्या अर्थाने स्मृतिपदक म्हणावे असेही व्हेनिसचे एक होते. डोजे दरवर्षी प्रत्येक उमरावाला रानबदके भेट पाठवीत असे. उमराव वाढले, बदके कमी पडू लागली. तेव्हा १५२१ पासून बदकांऐवजी चांदीचे पदक द्यायची प्रथा पडली. नाव तेच राहिले, 'ओसेल्ला', म्हणजे पक्षी! पुढे सोन्याचीही निघाली. दसऱ्याला आपण आपट्याच्या पानाला सोने म्हणतो, त्यांनी धातूला बदक म्हटले.

हे सगळे लिहायचे कारण आमच्या ओळखीतल्या एका घरात गेल्या वर्षी घडले. आई गेल्या. मागे तीन भावंडे, दोघे इकडे, एक बहीण पुण्याला. आणि एकवीस पुतळ्यांची एक माळ. वाटणी सरळ होती, प्रत्येकी सात. थोरल्याने इथल्या एका दागिन्यांच्या दुकानात नेऊन दाखवली. दुकानदाराने ती काट्यावर टाकली, सोन्याचा भाव गुणिले वजन, त्यातून घट वजा, असा आकडा कागदावर लिहून दिला. चित्र कशाचे आहे हे त्याने पाहिले नाही आणि पाहायचे त्याला कारणही नव्हते. माळ त्या दिवशी मुशीत गेली नाही ती केवळ पुण्याच्या बहिणीने फोनवर "मला सात नकोत, मला आईची माळ हवी" असे म्हणून रडारड केली म्हणून.

भांडण विकोपाला जायच्या आत माळ आमच्या डायनिंग टेबलावर आली. भिंग, छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि रात्री अकरापर्यंत चहा. एकवीसपैकी सतरा निघाल्या आपल्याच सोनारांच्या हातच्या. पातळ पत्र्यावर ठसा मारलेल्या, सेंट मार्कची शेंदूर लावलेल्या मारुतीसारखी आकृती झालेली, डोजेच्या टोपीची पगडी, आणि लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या काड्या. उरलेल्या चार मात्र अस्सल व्हेनिसच्या. त्यांतल्या एकीवर रोमन लिपीत पी-ए-व्ही-एल आणि पुढे रेनर हे नाव स्वच्छ वाचता आले. पाओलो रेनिएर, १७७९ ते १७८९ चा डोजे. म्हणजे सवाई माधवरावांच्या काळात, नाना फडणीस कारभार बघत असताना, हे नाणे व्हेनिसच्या टांकसाळीतून निघाले आणि आज न्यू जर्सीत आमच्या टेबलावर पडले होते.

थोरल्याचे डोळे चमकले. "मग चार वेगळ्या काढून लिलावाला देऊ!" त्याला सांगावे लागले की कडीचा डाग दिलेले नाणे संग्राहकाच्या लेखी अधू. कडी कापून काढली तरी कडेवर खूण राहते आणि नाणी पारखणाऱ्या कंपन्या ती खूण नोंदवतात. भाव सोन्याहून थोडाच वर जातो. उलट, चार अस्सल आणि त्यांच्याकडे बघून आपल्या सोनाराने घडवलेल्या सतरा, अशी अख्खी माळ ही वेगळीच चीज आहे, आणि ती मोडली की संपली. आमच्या मते त्या सतरा नकलाच जास्त मोलाच्या. व्हेनिसच्या टांकसाळीने पुतळ्या लाखांनी पाडल्या. मारुतीसारखा सेंट मार्क घडवणारा सोनार एकच होता.

शेवटी माळ अखंड राहिली. तूर्त धाकट्याकडे आहे, फोटो तिघांकडे. पुण्याच्या बहिणीची पाळी येईल तेव्हा काय करायचे यावर अजून एकमत नाही, कारण त्यात कायदा आडवा येतो. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कायदा प्रत्यक्षात लागू झाला १९७६ च्या एप्रिलात. या आई १९७१ साली आल्या, म्हणजे हा कायदा लागू होण्याच्या आधी. पण एकदा तिकडे गेलेली माळ परत इकडे कशी आणायची? तेव्हा ज्यांच्या माळा अजून सातारा-सांगलीला कपाटात आहेत त्यांनी सुटकेसमध्ये टाकण्याआधी चौकशी करावी. पुरातत्त्व खाते वस्तू तपासून ती पुरावस्तू नाही असा दाखला देते. लक्ष्मीछाप नव्या पुतळ्यांना त्याचा उपयोग होईल, पाओलो रेनिएरला नाही.

अमेरिकेत बघायचे असेल तर वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये जोसाया लिलींचा सहा हजारांवर सोन्याच्या नाण्यांचा संग्रह आहे. इंडियानाच्या औषध कंपनीतले लिली, तेच. ते गेल्यावर १९६८ साली काँग्रेसने खास कायदा करून तो राष्ट्रासाठी घेतला. न्यूयॉर्कला १८५८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा संग्रह तर घरबसल्या संगणकावर चाळता येतो. आपल्या पुतळीवरचे नाव त्याच्याशी ताडून पाहा.

तपासताना चार पथ्ये पाळा. चिंच, रिठे, टूथपेस्ट काही लावू नका. कडी काढू नका. दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात घ्या, अक्षरे उठून दिसतात. आणि माळ कुणाकडून कुणाकडे आली हे आजच एका कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवा. सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

यंदाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेशेजारी एक टेबल मांडून आम्ही भिंग घेऊन बसणार आहोत. मंडळाने परवानगी दिली आहे, एका अटीवर. दागिने आणू नका, फोटो आणा. गर्दीत पुतळी हरवली तर ती शोधायला कमिटीकडे माणसे नाहीत!