विहिरीच्या काठावरून गावचा नकाशा



वैशाखात विहिरीत डोकावलो की आपण एवढेच पाहतो, पाणी किती उरले? आज पाण्याच्या जरा वर, विहिरीच्या भिंतीकडे पाहू या. तेथे निरनिराळ्या रंगांचे पट्टे दिसतील. हे पट्टे कागदावर मांडता आले, तर पुढची विहीर कोठे घ्यावी याचा अंदाज बांधता येतो. विहीर कोरडी लागली म्हणजे घरावर काय ओढवते, ते तुम्हांला सांगायला नको.

गेवराई तालुक्याची जमीन दोन कारागिरांनी घडविली आहे. पहिला अग्नी, दुसरी नदी.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून तप्त शिलारस बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. भाकरींची चवड रचावी तसे एकावर एक थर बसले. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, किल्लारीस, १९९३ च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेऊन पाहिले, तेव्हा हा खडक ३३८ मीटर जाड भरला. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइटचा पाया लागला.

या चवडीतली एक भाकरी नीट पाहा. मधला भाग सावकाश निवाला, तो झाला घट्ट काळा कातळ. वरच्या भागात वाफेचे बुडबुडे अडकले, त्यांची छिद्रे राहिली. पुढे कित्येक छिद्रांत पांढरे खडे भरले. विहीर फोडणारे गडी याला मांजऱ्या म्हणतात. पुढचा रस येण्याआधी बराच काळ गेला असेल, तर मध्ये तांबडा, मातीसारखा थर सापडतो.

आता नदीचे काम. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो आणि तिच्या काठाला गंगथडी. राक्षसभुवनच्या बाजूला गेलात की काठाच्या दरडीत चिकणमाती, वाळू, गोटे आणि चुनखडीचे खडे यांचे थर दिसतील. नदीने आधी खडक कोरला, मग आपल्याच गाळाने ती जागा भरली.

पाण्याचा हिशेब या थरांवर चालतो. कातळ अभंग असेल तर त्यात पाणी मुरत नाही, भेगाळ असेल तरच मुरते. कुजलेला मांजऱ्या आणि मुरूम पाणी धरून ठेवतात. तांबड्या थरातून पाणी सहसा खाली उतरत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर पाझर लागण्याची शक्यता असते. मात्र हा थर भिजला की ढासळतो, तेथे बांधकाम हवेच. गाळात वाळूचा पट्टा लागला तर पाणी, नुसती चिकणमाती लागली तर थोडेच.

मग नकाशा कसा काढावा? शाळेचा ओटा शून्य धरा. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने प्रत्येक विहिरीची जमीन ओट्यापेक्षा किती खाली आहे ते मोजा. मग दोरीला दगड बांधून प्रत्येक थर किती खोलीवर लागतो ते काठावरूनच पाहा. मुलांना विहिरीत उतरवू नका.

समजा, पहिल्या विहिरीची जमीन ओट्याच्या २ मीटर खाली आहे आणि तांबडा थर ७ मीटरवर लागतो. बेरीज झाली ९. दुसरीची जमीन ५ मीटर खाली, थर ४ मीटरवर. बेरीज पुन्हा ९. वरखालचे खडकही जुळले, तर हा बहुधा एकच थर. दोन्ही ठिकाणे रेषेने जोडा. तिसऱ्या, नदीजवळच्या विहिरीची जमीन ८ मीटर खाली आहे. तेथे तांबडा थर १ मीटरवर लागायला हवा होता. पण १२ मीटरपर्यंत गाळच लागला. याचा अर्थ, तेथे नदीने तो थर कापून नेला. तुमची रेषा तेथे तुटली पाहिजे. गावाखालचा खडक कोठे संपतो आणि गाळ कोठे सुरू होतो, ते या तुटीवरून कळते.

पाच-दहा विहिरी झाल्या की कागदावर गावाचा आडवा छेद उभा राहतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक गावात आले, तर हा कागद त्यांच्यापुढे ठेवा. चूक असेल ती ते दुरुस्त करतील.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. नकाशा पाणी निर्माण करीत नाही. उलट, एकाच पाझरावर किती विहिरी तोंड लावून बसल्या आहेत, हे तो उघड दाखवितो. शेजाऱ्याच्या आणि आपल्या विहिरीतला पट्टा एकच असेल, तर आणखी खोल जाण्याची चढाओढ दोघांनाही कोरडे करील. त्यापेक्षा वरच्या अंगाला बांध घालून पाणी मुरविणे दोघांच्याही हिताचे.

तेव्हा गुरुजी, येत्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की दोरी, वही आणि चार मुले घेऊन निघा. विहीर फोडणाऱ्या जुन्या गड्यालाही बरोबर घ्या. त्याने जे हातांनी ओळखले आहे, ते वहीत उतरू द्या.